गाडी रात्री रस्त्यावरच लावावी लागते, कुलूप कोणतं घ्यावं?

नारायणपेठी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात घरी साडेतीनशे सीसीची नवी गाडी आली. घर म्हणजे नारायण पेठेतल्या एका वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या. पार्किंग हा प्रकारच नाही. बोळातून स्कूटर कशीबशी आत जाते, हिचं हँडल अडकतं. त्यामुळे रात्री गाडी रस्त्यावर. सम-विषम तारखेचं गणित सांभाळत कधी या बाजूला, कधी त्या.

परवा समोरच्या मेसमध्ये जेवणाऱ्या एका पोराची गाडी गेली. हँडल लॉक केलेलं होतं.

बाबांचं म्हणणं, "हँडल लॉक आहे ना, बास झालं. ज्याला न्यायचीय तो नेणारच." दुकानदार म्हणतो डिस्क लॉक घ्या. मित्र म्हणतो जीपीएस लाव. तीनेक हजार खर्चायची तयारी आहे. गाडी कर्जावरची, त्यामुळे जरा कुत्रं भुंकलं की खिडकीतून डोकावणं चालू आहे. नक्की काय घ्यावं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा, गुगल मलाही येतं.

खडकवासला_लोकल

पुण्यात गाडी जागेवर दिसली नाही तर पहिली शंका टोइंगची, चोरीची दुसरी. आधी वाहतूक शाखेत विचारायचं. दंड भरून सुटली तर पेढे वाटायचे.

संत्रानगरी

काऊन एवढं टेन्शन घेता राजेहो. माह्या गाडीले कुलूपच नाही. तिले चालू कराले मलेच अर्धा तास लागते, चोर काय नेते?

पान्हा

धागाकर्ते भाऊ, नाशकात माझं गॅरेज आहे. चोरीला गेलेली गाडी पोलिसांकडून परत मिळाली की दुरुस्तीला आमच्यासारख्यांकडेच येते. त्यामुळे कुठे काय तुटतं ते बघण्यातलं आहे.

हँडल लॉक म्हणजे आत बोटाच्या पेराएवढी एक पिन. ती स्टीअरिंगच्या खाचेत बसते. एवढ्या लांब हँडलचा जोर त्या एवढ्याशा पिनेवर आला की तिचं काय होणार? परत आलेल्या बऱ्याच गाड्यांत ती मोडलेली असते आणि इग्निशनच्या वायरी ओढून काढलेल्या असतात. म्हणून हँडल लॉक रोज लावायचंच, पण त्याच्या भरवशावर झोपायचं नाही.

डिस्क लॉक घ्यायचं तर पिन तुमच्या डिस्कच्या भोकातून नीट आरपार जाते का ते दुकानाच्या दारातच लावून बघा. लावताना कॅलिपरला (डिस्क चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) खेटून लावा, म्हणजे चाकाला फिरायला जागाच उरत नाही. लांब लावलं तर चाक अर्धा फेरा फिरतं आणि हिसके द्यायला वाव मिळतो. सोबत एक रंगीत गुंडाळीची केबल येते. ती कुलपापासून ब्रेकच्या लिव्हरपर्यंत अडकवायची, शोभेला नसते ती. सकाळच्या घाईत कुलूप तसंच ठेवून गिअर टाकलेल्या गाड्या दर महिन्याला येतात माझ्याकडे. कॅलिपर फुटलेला, डिस्क वाकलेली, आणि मालकाचा गुडघा सोललेला.

आता मुख्य मुद्दा. डिस्क लॉक गाडीला चालू देत नाही, पण उचलू देतं. चार जण आणि एक छोटा हत्ती टेम्पो, विषय संपला. रात्रभर रस्त्यावर राहणाऱ्या गाडीला साखळीच हवी, आणि ती कशाला तरी बांधलेली हवी. साखळी मागच्या चाकातून आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) आतून घ्या. पुढच्या चाकातून घेतलीत तर चाक तुमच्यासाठी सोडून बाकीची गाडी नेतील. आणि साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की कटरवर उभं राहून अंगाचा भार टाकता येतो. वर, ताणून ठेवा. दहा-बारा मिलिमीटरची कडी मोठ्या कटरने तुटते. सोळा मिलिमीटरला हातातला कटर पुरा पडत नाही. मात्र सोळाची साखळी उचलून बघा, रोज पाठीवर घेऊन फिरायची वस्तू नाही ती. ती रात्रीच्या जागेवरच ठेवायची. दिवसा डिस्क लॉक.

नारायणपेठी

@पान्हा, भाऊ नाही, ताई म्हणा. :) बाकी प्रतिसाद एकदम कामाचा. पण "कशाला तरी बांधा" इथेच गाडं अडतं. दारासमोर एक विजेचा खांब आहे आणि एक महापालिकेचं झाड.

पंचगंगा

ताई, विजेच्या खांबाला अजिबात बांधू नका! पावसाळ्यात खांबात करंट उतरतो आणि बांधलेली म्हैस जागेवर जाते, असल्या बातम्या आमच्या भागात दरवर्षी असतात. ओली साखळी, लोखंडी गाडी आणि सकाळी सहाला कुलूप उघडायला तुमचा हात. गाडी गेली तर दुसरी येईल.

खडकवासला_लोकल

वाडा आहे ना? मग पेशवाईत घोडे बांधायची कडी शोधा. साडेतीनशे सीसी म्हणजे वीसेक अश्वशक्ती. वीस घोडे बांधायचा तुमचा हक्क आहे. (दिवे घ्या.)

नारायणपेठी

मालक कॅलेंडरसाठी खिळा ठोकू देत नाहीत, कडी कुठली!

सुमेधा_क

कुलपावर एवढी चर्चा चाललीय म्हणून सांगते. आमच्या सोसायटीतून गेलेली शेवटची स्कूटर किल्लीसकट गेली. काका भाजी घेऊन आले, पिशव्या दोन्ही हातांत, किल्ली तशीच लटकत. "वर ठेवून लगेच खाली येतो" म्हणाले. वर चहा झाला.

दुसरी किल्ली डिकीत ठेवणारे महाभागही पाहिलेत. "हरवायला नको म्हणून" म्हणे.

लंडनस्थ_सातारकर

इकडचा अनुभव सांगतो, कितपत उपयोगी पडेल ते तुम्ही ठरवा.

लंडनमध्ये मोटरसायकलवाला आणि चोर यांच्यात कायम शर्यत असते. हल्ली चोर बॅटरीवरचा, लोखंड कापणारा ग्राइंडर घेऊन भरदुपारी येतात. लोक बघत उभे राहतात, मध्ये कुणी पडत नाही. त्यामुळे इथे कुलपांची रीतसर परीक्षा होते. 'सोल्ड सिक्युअर' नावाची संस्था कुलपांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते. दुकानात माणूस ब्रँडच्या आधी दर्जा विचारतो. ग्राइंडरची चकतीच खाऊन टाकणारी कुलपंही निघालीत. बाथच्या हिपलॉक कंपनीचं डी १००० त्यातलंच. किंमत अडीचशे पौंडांच्या घरात, म्हणजे त्या पैशांत आपल्याकडे चालू स्थितीतली जुनी गाडी येते.

घरी गॅरेज किंवा अंगण असेल तर जमिनीत काँक्रीटमध्ये पोलादी कडी पुरतात, त्याला ग्राउंड अँकर म्हणतात. साखळी त्यात. वर गाडीला कव्हर. कव्हर चोराला थांबवत नाही, पण आत कोणती गाडी आहे आणि कोणतं कुलूप लावलंय हे जाता-जाता दिसत नाही. पाहणी करून गेलेला चोर तयारीनिशी परत येतो. पाहणीच नीट होऊ द्यायची नाही. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

डच_मिसळ

@लंडनस्थ_सातारकर, इकडे हॉलंडमध्ये कुलपांना तारे असतात. मोटरसायकलचा विमा काढताना कंपनी बहुतेक वेळा एआरटी या कुलूप तपासणाऱ्या संस्थेच्या चार ताऱ्यांचं कुलूप मागते. चोरी झाली तर त्या कुलपाच्या किल्ल्याही दाखवाव्या लागतात. सायकलीची कथा वेगळी, त्यावर कादंबरी होईल.

पंचगंगा

कव्हरचं पटलं. पण मंडळी, लंडनचा चोर आणि आपला चोर यांच्यात फरक आहे. आमच्या गल्लीत रात्री दोनला ग्राइंडर लावला तर आवाजाने अख्खी तालीम खाली उतरेल. मग चोराला ग्राइंडरची नाही, ॲम्ब्युलन्सची गरज.

आपल्याकडे पेपरात बातमी कशी असते? "दोघे ताब्यात, चार जिल्ह्यांतून चोरलेल्या दुचाकी जप्त." त्या गाड्या कुठे सापडतात? खेड्यापाड्यांत. "कागदपत्रं नंतर देतो, आत्ता एवढेच द्या" म्हणून दहा-पंधरा हजारांत विकलेल्या. म्हणजे हा चोर महागडी गाडी शोधत नाही, सहज विकली जाणारी शोधतो. शंभर सीसीची, सगळीकडे दिसणारी, कुणी वळून बघत नाही अशी. त्याला एक मिनिटात निघायचं असतं. शेजारच्या तीन गाड्यांना काही नाही आणि तुमच्या गाडीला साखळी, तर तो शेजारची नेतो. ऐकायला वाईट वाटेल पण हिशेब असाच आहे.

चेअरमन_नाइलाजाने

पंचगंगा यांच्याशी सहमत, आणि शेजाऱ्यांच्या वतीने निषेध.

सोसायटीत कॅमेरे आहेत म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी: आम्हीही आठ कॅमेरे बसवले. गाडी गेल्यावर फुटेज बघितलं. हेल्मेट घातलेला एक इसम गेटातून ऐटीत गाडी बाहेर काढतोय आणि आमचा वॉचमन त्याला गेट उघडून देतोय. नंबर प्लेट दिसते, ती आमचीच. चेहरा नाही. कॅमेरा गेटपाशी, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर एक तरी हवा. छतावरून टकला मोजता येतात फक्त.

आणि अलार्मवाल्या डिस्क लॉकबद्दल एक विनंती. हलवलं की ते ११० डेसिबलने केकाटतं. मांजर सीटवर चढलं की वाजतं, कचऱ्याचा ट्रक गेला की वाजतं. गणपतीत ढोलपथक समोरून गेलं तेव्हा पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या एका सुरात आरती म्हणत होत्या. आठवड्याभरात कुणी खिडकीतून बघेनासं झालं. खरा चोर आला तर लोक कूस बदलून झोपतील.

नारायणपेठी

म्हणजे अलार्म बाद. जीपीएसचं काय?

सर्किट

माझा विषय आला.

जीपीएस चोरी थांबवत नाही, गाडी कुठे गेली ते सांगतो. ही गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. त्यात एक सिम असतं, ते मोबाइल नेटवर्कवरून जागा कळवतं. म्हणजे डेटाचं वर्गणीशुल्क दरवर्षी. गाडी बेसमेंटमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये गेली की उपग्रह दिसत नाहीत आणि शेवटची जागा दाखवत बसतं. आत छोटी बॅटरी असेल तरच वायर तोडल्यावर चालतं, घेताना हे विचारा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर ते गाडीची बॅटरी हळूहळू पितं, हेही लक्षात ठेवा.

कुठे बसवायचं? हेडलाइटच्या मागे आणि सीटखाली सगळे बसवतात, म्हणून तिथे नको. आणि कुठे बसवलंय ते अशा चर्चेत लिहू नका!

काहींमध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो, मोबाइलवरून इग्निशन बंद करता येतं. चालत्या गाडीचं इंजिन असं बंद करू नका. चोर असला तरी हायवेवर मागून ट्रक येतोय. गाडी थांबली की पुन्हा चालू होऊ नये अशी सेटिंग असते, ती ठेवा.

आयफोनवाले एअरटॅग टाकतात. त्याला स्वतःचं सिम नाही, आजूबाजूच्या ॲपलच्या फोनांवर तो जागा कळवतो. पेठेत चालेल, मुळशीच्या पुढे डोंगरात नाही. शिवाय अनोळखी टॅग बरोबर फिरतोय अशी सूचना काही वेळाने चोराच्याच फोनवर येते. पाठलागाचा गैरवापर होऊ नये म्हणून ती सोय आहे आणि ती बरोबरच आहे, पण आपल्या कामात आडवी येते.

माझं मत: तीन हजारांत आधी साखळी. पैसे उरले तर जीपीएस.

पान्हा

सर्किटराव, एक जोडतो. नवी गाडी आहे, वॉरंटीत आहे. बाहेरच्या माणसाकडून वायरिंग तासून रिले बसवला तर पुढे वायरिंगची तक्रार कंपनी मानत नाही. बसवायचाच तर वायर न कापता कपलरवर (वायरींच्या जोडाचा प्लग) बसणारा बघा आणि सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. पहिल्या पावसात चिकटपट्टीचे जोड हिरवे पडतात. मग गाडी मालकालाच चोर समजून बंद पडते.

टूस्ट्रोक_आजोबा

आमच्या वेळी हे काही नव्हतं. यामाहाची आरएक्स १०० अजून आहे माझ्याकडे. ती १९९६ सालीच बनायची बंद झाली. आज तरुण पोरं तिच्याकडे अशी बघतात की मला माझ्या लग्नातली वरात आठवते. रस्त्यात थांबवून "काका, विकायची का?" विचारतात. असल्या गाडीला सगळ्यात जास्त धोका. ती पार्टसाठीही जाते आणि हौसेसाठीही.

माझा उपाय: बाहेर लावली की प्लगची टोपी काढून खिशात. पेट्रोलचा कॉक बंद. रात्री गाडी बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या शेजारी. पाहुणे आले की आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

मोगरा

@टूस्ट्रोक_आजोबा, आजी काय म्हणतात?

टूस्ट्रोक_आजोबा

गाडी आधी आली होती घरात. त्यामुळे ज्येष्ठतेचा प्रश्न नाही.

मांडवीकाठ

आमच्या गावात अजून लोक चावी गाडीलाच ठेवून पोदेराकडे पाव घ्यायला जातात. कोणी नेली तर फार तर शेजाऱ्याने नेली, संध्याकाळी पेट्रोल भरून परत. पण पणजीत आणि किनारपट्टीवर तसं करू नका. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी तर विशेष. हेल्मेट, चावी सगळं गाडीवर टाकून लोक पाण्यात उतरतात. मग मालक डिपॉझिट धरून बसतो आणि रजा पोलीस चौकीत जाते. काळा-पिवळा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी करा, आरामात फिरा.

वकील_ऑन_व्हील्स

कुलपांवर भरपूर झालं. आता गाडी गेल्यावरचं बोलू, कारण धागाकर्त्या ताईंची गाडी कर्जावर आहे. तिथे खरी गोम आहे.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. लोक पॉलिसीवर "५ वर्षे" वाचतात आणि निश्चिंत होतात. पण थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. चोरी त्यात येत नाही. चोरीची भरपाई मिळते ती ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) भागातून, आणि तो भाग सहसा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो वेगळा नूतनीकरण करावा लागतो. इथे अर्धी जनता घसरते. पॉलिसीत दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात, आजच उघडून बघा.

मिळणारी रक्कम म्हणजे आयडीव्ही, पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत, ऑन-रोड किंमत नव्हे. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर एक्स-शोरूम किमतीतून २० टक्के वजा, दोन ते तीन वर्षांची असेल तर ३०, असं ते उतरत जातं. 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे जोड-कव्हर घेतलं असेल तर बिलाची किंमत. कर्ज असेल तर चेक आधी बँकेचं देणं फेडतो, उरलं तर तुमचं. आणि दावा मंजूर होईपर्यंत हप्ते चालूच.

चोरी झाली की त्याच दिवशी पोलीस ठाणे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), म्हणजे पूर्वीचं ३७९. १ जुलै २०२४ पासून ऑनलाइन माहिती देऊनही गुन्हा नोंदवता येतो, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, आरटीओलाही. पोलीस नुसता 'अर्ज' घेऊन पोच देत असतील तर ती एफआयआर नव्हे, तेवढं बघा.

तपास लागला नाही तर पोलीस 'ए समरी' पाठवतात: गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. न्यायालयाने ती मंजूर केलेली प्रत विमा कंपनी मागते. यात महिने जातात. आणि कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक कमी असली की त्यांचा प्रश्न तयार: गाडी किल्लीसकट सोडली होती का?

चेअरमन_नाइलाजाने

कंपनीला कळवायला उशीर झाला तर दावा गेलाच ना? आमच्या एका सभासदाला तसंच पत्र आलं होतं.

वकील_ऑन_व्हील्स

पत्र येतं, पण तो शेवटचा शब्द नव्हे. एफआयआर लगेच केली असेल आणि फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला असेल, तर तेवढ्या एका कारणावरून दावा नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२० मध्ये सांगितलंय. ते प्रकरण ट्रॅक्टरचं होतं. किल्ली गाडीत राहिलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात २०२३ मध्ये कोर्टाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली होती. म्हणून सुमेधाताईंच्या काकांनी किल्ली लटकत ठेवावी असा अर्थ नाही. तिथपर्यंत पोचायला ट्रकमालकाची किती वर्षं गेली असतील याचा विचार करा.

सर्किट

एआरएआयने (पुण्यातली वाहनं तपासणारी संस्था) मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर ओन डॅमेजच्या हप्त्यात अडीच टक्के सवलत असते ना?

वकील_ऑन_व्हील्स

असते. कमाल ५०० रुपये. दुचाकीचा ओन डॅमेजचा हप्ता किती असतो ते बघा आणि त्याचे अडीच टक्के काढा. एक मिसळ येईल, जादा पाव वेगळा.

खडकवासला_लोकल

एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जाताना गाडी खाली लावतो. तिथूनच हेल्मेट गेलं माझं. मान्यताप्राप्त हेल्मेट होतं.

संत्रानगरी

ते नवीन नंबर प्लेटचं काय? चोरी थांबते म्हंतेत.

सुमेधा_क

एचएसआरपी ना? १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना कंपनीकडूनच येते. आमच्या जुन्या स्कूटरला ४५० अधिक जीएसटी भरून बसवली. मुदत इतक्यांदा वाढली की शेवटी बसवणाऱ्यालाच वाईट वाटलं असेल. तिचे खिळे एकदाच बसतात, काढले की तुटतात, आणि प्लेटवर लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक असतो. म्हणजे एका गाडीची प्लेट काढून दुसरीला लावणं अवघड होतं. पण गाडी उचलून नेणाऱ्याला ती काय करणार? शेतातल्या रस्त्यावर बिनप्लेटच्या गाड्या काय कमी फिरतात?

पंचगंगा

म्हणूनच म्हणतो, घेणारे आहेत तोवर चोरणारे आहेत. जुनी गाडी घेताना एनसीआरबीच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारा केंद्राचा विभाग) 'वाहन समन्वय' पोर्टलवर इंजिन आणि चॅसिस नंबर टाकून बघा, पोलिसांच्या नोंदीत ती चोरीची असेल तर कळतं. चॅसिस नंबर हँडलखाली फ्रेमच्या मानेवर असतो. तिथे ताजा रंग किंवा घासल्याची खूण दिसली तर चहा पिऊन परत या. चोरीची आहे हे माहीत असून घेतली तर कलम ३१७ आहेच, वकीलसाहेब सांगतील.

वकील_ऑन_व्हील्स

आहे. तीन वर्षांपर्यंत.

मोगरा

हे वाचून धास्तावले. माझ्या गाडीची एक किल्ली कधीच हरवलीय. गाडी अजून आहे, विमाही चालू आहे, ओन डॅमेजसकट. आता काय करू?

नारायणपेठी

धाग्याला शंभरी गाठायच्या आत ठरवलं एकदाचं.

पॉलिसी उघडली. वकीलसाहेब म्हणतात तसंच, थर्ड पार्टी पाच वर्षं आणि ओन डॅमेज एक वर्ष. पुढच्या वर्षीच्या तारखेची आठवण फोनमध्ये टाकली. मूळ आरसी गाडीतून काढून कपाटात ठेवली, डिजिलॉकरमधली दाखवली तरी चालते.

बांधायचा प्रश्न कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या काकांनी सोडवला. त्यांच्या ओट्याला लोखंडी जाळी आहे, पाय सिमेंटमध्ये गाडलेले. अट एकच, सकाळी सातच्या आत गाडी हलवायची, नाहीतर ते तिच्यावर गव्हाची पोती ठेवणार. अडीच हजारांत पंधरा मिलिमीटरची साखळी मिळाली. सोळाची चार हजारांच्या वर होती. मागच्या चाकातून, जाळीच्या वरच्या गजाला, जमिनीपासून वर. त्यावर राखाडी कव्हर. दिवसा ऑफिसात डिस्क लॉक, आठवणीच्या केबलसकट. बजेट थोडं ओलांडलं. बाबा म्हणाले, "एवढ्यात सोन्याची साखळी आली असती." कुठल्या काळातली, ते विचारलं नाही.

जीपीएस दिवाळीच्या बोनसवर. बसवल्यावर कुठे बसवला ते इथे सांगणार नाही.

खडकवासला_लोकल

सम-विषम तारखेचं काय? गिरणी चुकीच्या बाजूला आली तर टोइंगवाले साखळी बघून रडतील.

नारायणपेठी

ओटा रस्त्याच्या आत आहे. विचार करूनच निवडलाय!

पान्हा

ताई, पंधरा चालेल. कुलपाचं तोंड खाली येईल असं लटकवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साठत नाही. गिरणीजवळ आहे म्हणजे पीठ उडणार. पीठ आणि ओल यांची आत खळ होते. महिन्यातून एकदा कुलूप झटका आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. इंजिन ऑइल घालू नका, त्यात धूळ चिकटून किल्ली अडकते.

वकील_ऑन_व्हील्स

@मोगरा, किल्ली हरवल्याची तक्रार आत्ताच पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवा, त्याची पोच ठेवा, आणि विमा कंपनीला ईमेलने कळवा. गाडी गेल्यानंतर "किल्ली आधीच हरवली होती" म्हणालात तर कुणी ऐकत नाही. आधीच्या तारखेचा कागद असेल तर बोलता येतं. त्यानंतर नुसती डुप्लिकेट करू नका, पूर्ण लॉकसेट बदला आणि जीएसटीचं बिल घ्या. हरवलेली किल्ली कुणाच्या हातात आहे ते तुम्हाला माहीत नाही.

पान्हा

आणि मोगराताई, लॉकसेट घेताना इग्निशन, टाकीचं झाकण आणि बाजूच्या कव्हरचं कुलूप असा पूर्ण संच घ्या. बरेच जण पैसे वाचवायला फक्त इग्निशन बदलतात, मग खिशात दोन किल्ल्या आणि टाकी जुन्याच किल्लीने उघडते. कंपनीच्या संचात दोन किल्ल्या येतात, कधी सोबत नंबरची पट्टीही असते. ती पट्टी मिळाली तर घरात जपून ठेवा. जुनी राहिलेली एक किल्लीही फेकू नका, विमावाल्यांनी विचारलं तर बिलासोबत दाखवायला लागेल.